जिचा नंबर, तिचंच उत्तर

‘धरून चाला’ हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारले की माझं डोकं आजही तडकतं. बाजारपेठेच्या पाहणीत मी उभं आयुष्य काढलं. लोक कुठला चहा पितात, दात बोटानं घासतात की ब्रशनं, कपडे वडीनं धुतात की पावडरीनं, हे दारोदार जाऊन विचारायचं आणि कागद भरून वर पाठवायचे, हा माझा धंदा. या धंद्यात चोर दोन प्रकारचे. एक घरी बसून कागद भरणारा. तो लवकर सापडतो. दुसरा दारापर्यंत जातो, पण समोरच्याला न विचारताच ‘याचं उत्तर हेच असणार, धरून चाला’ म्हणतो. तो सापडत नाही, कारण आपण चोरी करतोय असं त्याला स्वतःलाच वाटत नाही. अशा माणसांशी माझं कधी पटलं नाही आणि पटवून घ्यायची मला हौसही नव्हती.

सुरुवात सोलापुरात झाली, सत्तरीच्या दशकात. आमचं घर अक्कलकोटचं. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कापडाचं दुकान. दुकानात मराठी आणि घरात कानडी. कॉलेजसाठी मी सोलापुरात आत्याकडे राहायला आले आणि बी.ए. झाल्यावरही तिथंच राहिले. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायची, भुसार मालाचे व्यापारी. त्यांना एकच मुलगा, माझ्याहून थोडा मोठा, वडिलांबरोबर दुकानात बसणारा.

आमच्यात भावाची मुलगी बहिणीच्या घरी द्यायची रीत. त्यामुळं मी आत्याचीच सून होणार हे माझ्या जन्मापासून ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कुणी चार लोक बसून ठरवलं असंही नाही. सगळे धरून चालले होते. मी अंगणात रांगोळी काढली की शेजारीण आत्याला म्हणायची, सून गुणाची हाय की. आत्या हसायची. मुलगा चांगला होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण एका घरात इतकी वर्षं राहूनही मला आणि त्याला एकदाही कुणी विचारलं नाही, याचा मला राग यायचा. तो राग कुणाला सांगावा हेही कळत नव्हतं, कारण माझ्याशी कुणीच वाईट वागत नव्हतं. माया करणाऱ्या माणसांशी भांडायचं कसं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीला पाहणीसाठी सोलापुरात मुली हव्या आहेत असं कळलं. मराठी आणि कानडी दोन्ही येणाऱ्या असतील तर उत्तम. मी न विचारता जाऊन नाव देऊन आले. मामा म्हणाले, लग्न होईस्तवर करू दे की, घरात बसून तरी काय करणार. माझ्या नोकरीला परवानगी मिळाली ती अशी, शेवटची तारीख लावून.

स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये आमचं शिक्षण झालं. शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. आवाज खणखणीत, आणि अवघड प्रश्न आला की आधी घोटभर पाणी पिऊन मग उत्तर द्यायच्या. एका नव्या धुण्याच्या पावडरीची चाचणी होती. बिनछापाच्या दोन पांढऱ्या पिशव्या, एकीवर लाल ठिपका, दुसरीवर निळा. दोन्ही वापरायला द्यायच्या, आठवड्यानं जाऊन कुठली आवडली ते विचारायचं. कुणाला द्यायच्या, हा सगळा खेळ होता.

बाईंनी सांगितलं की नकाशावर खूण केलेल्या कोपऱ्यापासून निघायचं, उजवा हात भिंतीकडे ठेवायचा, आणि ठरलेल्या आकड्याइतकी घरं सोडून पुढच्या घरात शिरायचं. घर आवडलं म्हणून नाही, अंगण स्वच्छ म्हणून नाही, आतून चहाचा वास आला म्हणून तर मुळीच नाही. घर म्हणजे दार नव्हे, घर म्हणजे चूल. एका दाराआड तीन चुली असतील तर ती तीन घरं. मग त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या मोठ्या बायकांची नावं वयानं लावायची. आमच्याजवळच्या कागदावर आकड्यांचा एक तक्ता छापलेला असे. घराचा क्रमांक आणि घरातल्या बायका किती, या दोन गोष्टी जुळवल्या की तक्ता एक आकडा सांगे. त्या नंबरची बाई तीच आपली. ती नसली तर पुन्हा जायचं. तिच्याऐवजी दुसरी चालत नाही.

आणि ती गप्प बसली तर काय लिहायचं, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

“गप्प बसली असं लिहायचं,” त्या म्हणाल्या. “त्याला वेगळा रकाना आहे. गप्प बसलेल्या बाईच्या नावावर ‘हो’ लिहिलंत, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका.”

बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. माझा हात थांबला. आमच्याकडे मुलीला पाहुण्यांसमोर आणतात, पसंत आहे ना विचारतात, ती मान खाली घालते आणि मोठी माणसं सुपारी फोडतात. गप्प बसणं म्हणजे हो, हे मी हवापाण्यासारखं गृहीत धरलं होतं. कपड्यांच्या पावडरीबद्दलसुद्धा जे चालत नाही ते माझ्या लग्नाबद्दल चालणार होतं. त्या दिवशी मी घरी गेले ती फणफणतच. आत्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

काम मला आवडलं. पायपीट होती, ऊन होतं, कुत्री होती, पण कुणाच्याही दारात जाऊन ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारायचा मला अधिकार होता. पहिल्यांदा बायका बावचळायच्या. मालकांना विचारा म्हणायच्या, सासूबाईंना विचारा म्हणायच्या. एकजण तर मला म्हणाली, मला काय वाटायचंय, वाटण्यासारखं काय ऱ्हायलंय. मी उंबऱ्यावर बसून राहायची. थोड्या वेळानं उत्तर यायचंच.

आमच्यावर एक सुपरवायझर होता, पुण्याचा, इस्त्रीची पँट घालणारा. त्याचं सगळं लक्ष संध्याकाळी किती कागद जमले यावर. माझे कागद नेहमी कमी पडत. इतर मुली दारात जी येईल तिला विचारून मोकळ्या होत आणि तक्त्यात तिचाच नंबर आला असं दाखवत. त्यालाही ते ठाऊक होतं. तो मला म्हणायचा, अहो, बाई ती बाईच, कपडे धुतेच ना. मी म्हणायची, मग घरोघरी कशाला फिरायचं, तुमच्याच आईला विचारून मोकळे व्हा. तो चिडायचा. चिडू दे. मामा डाळीचा सौदा करताना पोत्याच्या तोंडाचा माल कधी बघत नसत. पोत्यात नळी खुपसून मधला माल काढत. दारात येणारी बाई म्हणजे पोत्याच्या तोंडाचा माल. भुसार बाजारात हमालालाही जे कळतं ते या माणसाला कळू नये, याचं मला नवल वाटे.

भडका उडाला तो पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरी. घर तेलुगू बोलणारं. पुढच्या खोलीत माग, मागं लांबट पडवी, चूल एकच. त्या चुलीवर सासू आणि तीन सुना. पहिल्या फेरीत मी नावं लावली, तक्ता बघितला, नंबर धाकट्या सुनेचा आला. त्या दिवशी ती विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. मी संध्याकाळी पुन्हा गेले, तिच्या हातात दोन पिशव्या ठेवल्या आणि आठवड्यानं येते म्हणून सांगितलं.

आठवड्यानं गेले तेव्हा सुपरवायझर माझं काम तपासायला बरोबर आला. सासू दारातच बसली होती. मी काही विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं की लाल ठिपकेवाली चांगली, लई छान वास येतो, फेस बी लई. सुपरवायझर खूष. लिहा, म्हणाला, लाल. मी म्हटलं, नंबर धाकट्या सूनबाईंचा आहे.

“त्याच घरातलं आहे ना? सासूचं तेच सुनेचं. धरून चाला आणि पुढं व्हा.”

पडवीत धाकटी सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली मला दिसत होती. भिजवलेलं पान, कातरीचा एक फिरका, चिमूटभर तंबाखू, दोरा. तिनं वर बघितलं नाही, पण हात थांबले होते. परका पुरुष दारात असताना ती पुढं येणार नव्हती हे मला कळत होतं. मी सुपरवायझरला म्हटलं, तुम्ही जरा रस्त्यावर उभे राहता का. भर उन्हात मी त्याला घराबाहेर काढलं. तो बाहेर गेला, पण जाताना त्याच्या कपाळाची फुगलेली शीर मला दिसली.

आता राहिली सासू. ती मला म्हणाली, मी सांगितलं की, तिला काय विचारते, ती माझ्या हाताखालची.

“आजी,” मी म्हटलं, “तुमच्या भिशीत एकीचं नाव निघालं आणि दुसरीच उचलून घेऊन गेली, तर चालेल?”

ती गल्लीतली भिशी चालवायची, हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. दर महिन्याला चिठ्ठ्या निघत आणि कुणाचं नाव निघालं यावरून तिच्या अंगणात कधी तंटा होत नसे, म्हणून गल्लीत तिचा मान. मी सांगितलं की या तक्त्यात तुमचा नंबर निघाला असता, तर तुमच्या तिन्ही सुना एकदम बोलल्या असत्या तरी मी ऐकलं नसतं. तिनं थोडा विचार केला. मग तेलुगूत आत काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, जा, तिचंच निघालंय तर तिलाच विचार.

मी पडवीत जाऊन त्या सुनेसमोर बसले. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं हात पुढं केले. बोटांची टोकं कातरीनं आणि पानांनी चिरलेली होती.

“लाल नको,” ती म्हणाली. “आग होते. निळी बरी, वास नाही आला तर नाही.”

घरातल्या सगळ्यांचे कपडे तीच धूत होती. सासूनं पिशवीचा नुसता वास घेतला होता. मी लिहिलं: निळी. का, या रकान्यात तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. उठताना मला इतका आनंद झाला होता की सुपरवायझर रस्त्यावर तापत उभा आहे हे मी विसरूनच गेले होते.

त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, आपल्याला पैसे देणारी पार्टी लाल ठिपकेवाली आहे, म्हणजे लाल जिंकायला हवी आहे, तुम्हाला एवढं कळत नाही? मग म्हणाला, सासूचं उत्तर लिहा, नाहीतर पुढल्या फेरीला येऊ नका. मी म्हटलं, नाही येत. पण तिनं न सांगितलेलं मी लिहिणार नाही. पेन त्याच्यापुढं केलं आणि म्हटलं, तुम्हाला लिहायचं असेल तर तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही तुमची करा. त्यानं पेन घेतलं नाही. मी सिटी बस न पकडता चालत घरी आले.

पुढं वर्षभरानं त्याच मुंबईच्या बाईंनी मला दुसऱ्या पाहणीसाठी बोलावून घेतलं, पण ते त्या दिवशी मला कुठं ठाऊक होतं. त्या दिवशी माझी नोकरी गेली होती. आणि ती गेली म्हणजे लग्न होईस्तवर जे करायचं होतं तेही संपलं होतं. आत्यानं त्याच आठवड्यात अक्कलकोटला निरोप धाडला.

रविवारी सकाळी अप्पा आले, त्यांचे चुलतभाऊ, दुधनीचे काका आले. मामांनी दुकान उघडायचं लांबवलं. घराच्या पुढच्या सोप्यावर सतरंजी पडली, पानसुपारीचं तबक आलं. मला चहा घेऊन बाहेर यायला सांगितलं. काकांनी तिथी काढायच्या आधी रीत म्हणून विचारलं, आणि विचारलं तेही अप्पांना.

“पोरीची काय ना न्हाय न्हवं?”

“तिची कशाला ना आसंल,” अप्पा म्हणाले. “धरून चाला की.”

ट्रे माझ्या हातातच होता. तो मी खाली ठेवला. त्या विणकराच्या दारात मी एका अनोळखी बाईसाठी नोकरी सोडून आले होते आणि इथं माझ्याच दारात मान खाली घालून उभी होते. मला स्वतःचीच चीड आली.

“अप्पा,” मी म्हटलं, “नंबर माझा आहे. मला विचारा.”

काका हसले. पोरगी शिकलीय, म्हणाले. अप्पा म्हणाले, तुला काय इचारायचं, आत्याचं घर हाय, परकं हाय का. मी म्हटलं, घर चांगलंच आहे. मी घराबद्दल बोलतच नाही. मला विचारा, आणि त्यालाही विचारा. मी दाराशी उभ्या असलेल्या आत्याच्या मुलाकडे बोट दाखवलं. बिचारा दचकला. काकांनी त्याला थट्टेनं विचारलं, बोल बाबा, तुझं काय.

“वडील म्हणतील तसं,” तो म्हणाला.

“ते वडिलांचं उत्तर झालं,” मी म्हटलं. “तुझं?”

तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग तो हळूच म्हणाला, मला ठाऊक न्हाय. मला कधी वाटलंच न्हाय की मला इचारतील. त्या सोप्यावर त्या सकाळी मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर, आणि माझा त्याच्यावरचा जीव त्या दिवसापासून वाढला, भावावर असतो तसा.

आत्याला मात्र हे सहन झालं नाही. कॉलेजपासून तिनं मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलेलं. तिला वाटलं मी तिचं घर नाकारतेय. ती स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. तिचा आवाज चढला होता.

“मला तरी कुणी इचारलं हुतं? माझं काय वाईट झालं?”

“तुझं वाईट झालं असं मी म्हणत नाही, आत्या,” मी म्हटलं. “पण तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?”

आत्या गप्प झाली. काकांनी हात झटकले आणि म्हणाले, बघा, ती बी काय न्हाय म्हनंना. मी म्हटलं, काका, ती गप्प आहे. गप्प म्हणजे गप्प. तिच्या नावावर हो लिहू नका. मामा आत्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांनाही ऐकायचं होतं.

“मी न्हाय म्हनले असते,” आत्या शेवटी म्हणाली. ती अप्पांकडे बघत होती, मामांकडे नव्हे. “ह्या घराला न्हवं. त्या वर्साला. आई आजारी हुती. मला आनी एक वरीस तिच्याजवळ राहायचं हुतं. दादा, तू हुतास की तितं.”

अप्पांनी मान खाली घातली. आपली आजी आत्याच्या लग्नानंतर त्याच वर्षी गेली एवढंच मला ठाऊक होतं. आत्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ नव्हती, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, पानसुपारीचं तबक उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत आली ती अप्पांसमोर उभी राहिली.

“तिला इचार,” ती म्हणाली. “तिच्या तोंडानं येऊ दे. मी न्हाय सांगनार तिच्या वतीनं.”

अप्पा माझ्याकडे वळले. त्यांनी मला इतकी वर्षं हाका मारल्या होत्या, रागावले होते, बाजारातून रिबिनी आणल्या होत्या. पण असं समोर बसवून, उत्तराची वाट बघत, त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

“बोल यव्वा,” ते लहानपणीच्या कानडी हाकेनं म्हणाले. “तुझं काय हाय?”

मी मनात मोठं भाषण तयार ठेवलं होतं. नोकरीचं, शिक्षणाचं, आणखी कशाकशाचं. त्यातलं काही मला आठवेना.

“नाही, अप्पा,” मी म्हटलं.

काका सतरंजीवरून उठले आणि चपला शोधायला लागले. मामा खांबाला टेकून बसले. आता आरडाओरड होणार, मला अक्कलकोटला नेऊन बसवणार, असं धरून मी उभी होते. आमच्या कागदावर ‘नाही’च्या खाली नेहमी आणखी एक प्रश्न असे, आणि निम्म्या मुली तो गाळत, कारण त्याच्या उत्तराला वेळ लागतो.

“का न्हाय?” अप्पांनी विचारलं. त्यांनी सतरंजीवर मला जागा करून दिली आणि माझं सांगून होईपर्यंत ते मध्ये बोलले नाहीत.